हात चपळ होते, एवढे तरी लिहा

अमेरिकेतल्या छपाईचा पहिला मोठा इतिहास आयझाया टॉमस यांनी १८१० मध्ये लिहिला. टॉमस स्वतः मुद्रक. अगदी लहानपणी छापखान्यात उमेदवारीला लागलेले. त्यांच्या ग्रंथात न्यूपोर्टच्या अ‍ॅन फ्रँकलिन या बाईचा उल्लेख आहे, आणि तिच्या मुलींचाही. मुली छपाईचे खिळे जुळवायला उभ्या राहत. त्यांचा हात चपळ होता आणि जुळणी बिनचूक होती. त्यांना काम करताना पाहिलेल्या एका गृहस्थाने टॉमस यांना हे सांगितले होते.

नोंद छोटी आहे, पण ती कामाची आहे. मुली समंजस आणि मनमिळाऊ होत्या हेही टॉमस सांगतात. आधी मात्र हात कसा चालतो ते सांगतात. छापखान्यातला माणूस दुसऱ्या छापखान्यातल्या माणसाबद्दल असेच बोलतो.

मराठी छपाईची गोष्ट आपण सांगतो तेव्हा पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या छापखान्यातल्या बायांबद्दल अशी एक ओळ सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. ती का येत नाही, हे विचारायला हवे.

अ‍ॅनचा नवरा जेम्स हा बेंजामिन फ्रँकलिनचा थोरला भाऊ. तो १७३५ मध्ये वारला. घरात छापखाना, पदरात मुले. १७३६ मध्ये तिने ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. तिने काम मागितले. वसाहतीची सरकारी छपाई मला द्या, असे ते मागणे होते. ते मान्य झाले. नवऱ्यामागे पंचांगही तिने चालू ठेवले. १७४५ मध्ये वसाहतीच्या कायद्यांचा ग्रंथ तिच्या छापखान्यातून निघाला, ५०० प्रतींचा. पुढे मुलगा हाताशी आला, आणि १७६२ मध्ये तोही गेला. तेव्हा पासष्ट वर्षांची ही बाई छापखाना आणि वृत्तपत्र सांभाळायला पुन्हा उभी राहिली. सुरुवातीच्या तिच्या छपाईवर मुद्रक म्हणून ‘विधवा फ्रँकलिन’ असे येई. नवरा गेला म्हणून धंदा गेला नाही, एवढे गिऱ्हाइकांना त्यातून कळत होते.

आपल्याकडे तेव्हा असे शक्यच नव्हते, काळच तसा होता, असे कुणी म्हणेल. चंद्रपूरच्या माणसाने तरी हे म्हणू नये. अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, राणी हिराईने नवऱ्यामागे राज्याचा कारभार पाहिला. नवऱ्याची, बीरशहाची, समाधी तिने बांधवून घेतली. महाकालीचे देऊळ तिचे. चैत्रात यात्रेला येणारी माणसे आजही त्या देवळात जातात. विधवा बाईच्या हाती कारभार देता येतो, हे या गावाने न्यूपोर्टच्या आधी पाहिले आहे. छापखाना मात्र इथे नव्हता. मराठीला नागरी खिळे मिळायला १८०५ साल उजाडावे लागले, आणि तेही दूर बंगालात, श्रीरामपूरला.

त्यानंतरचा इतिहास आपल्याला पाठ आहे. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पहिले मराठी पंचांग छापले. छापील कागदाला सोवळ्यातली माणसे शिवत नसत, कारण शाईत चरबी असल्याचा संशय. म्हणून गणपत कृष्णाजींनी तूप घालून शाई केली. ही हकीकत मराठी छपाईच्या गोष्टीत हमखास येते, आणि ती यावीच. एका कारागिराने आपल्या समाजाची अडचण ओळखून त्यावर उपाय काढला, हे मोठेच काम आहे. पण शाईत काय होते हे जर आपण दोनशे वर्षे लक्षात ठेवू शकतो, तर खिळे कुणाच्या बोटांत होते हेही लक्षात ठेवता आले असते.

पंडिता रमाबाईंचे छपाईशी नाते जुने. ‘स्त्री धर्मनीति’ १८८२ मधले. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि त्या खर्चाला या पुस्तकाच्या विक्रीचा हातभार लागला. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक त्यांनी १८८७ मध्ये फिलाडेल्फियात काढले. भारतातल्या शाळेसाठी पैसा उभा करायचा होता. त्याच मुक्कामात मुलींसाठी मराठी वाचनपुस्तके रचायचे कामही त्यांनी हाती घेतले होते. तिथल्या शाळांची पुस्तके त्यांनी पाहिली होती, आणि तशीच चित्रांची पुस्तके आपल्या मुलींच्या हाती पडावीत ही त्यांची इच्छा होती. १८८९ मध्ये अमेरिकेचे प्रवासवृत्त मुंबईत निर्णयसागर छापखान्यातून निघाले. पंचांगासाठी घरोघरी नाव असलेला तोच हा छापखाना. पुस्तक म्हणजे पैसा, पुस्तक म्हणजे शाळा, आणि पुस्तक छापायला छापखाना लागतो, हा हिशेब या बाईने इतरांच्या फार आधी केला होता.

मग दुष्काळ आला. १८९६-९७ चा. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण सत्तरच्या दशकातल्या दुष्काळातच गेले होते. उपासमार त्यांनी स्वतः भोगली होती. त्या मध्य प्रांतात गेल्या, मदतछावण्या पाहिल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायांना घेऊन परतल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावात त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ ही संस्था उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दीड हजाराच्या पुढे गेली.

मध्य प्रांत हे नाव आता कागदावरच राहिले. चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता, आणि आजचा गडचिरोली त्या चांद्यात. १८९७ आणि १९०० हे दोन्ही दुष्काळ या मुलखानेही सोसले. सरकारी दुष्काळी काम म्हणजे मुख्यतः रस्ता आणि तलाव. बायांच्या वाट्याला माती वाहणे आणि खडी फोडणे. दिवसभर हातोडी चालवायची आणि संध्याकाळी मोजून मिळेल त्यावर जगायचे. जीव वाचत होता, हे खरे. पण काम संपले की बाई होती तिथेच. हातात काही नवे आलेले नसे.

केडगावात त्याच दुष्काळातून वाचलेल्या बायांना शिकवले जात होते ते वेगळे. विणकाम, शिवण, दूधदुभते, तेलघाणा. आणि छापखाना.

नागरी खिळे जुळवणे हे काय काम आहे ते नीट पाहा. इंग्रजीला मोठी-लहान अक्षरे, आकडे आणि चिन्हे धरली तरी थोड्या खणांत भागते. नागरीला शेकडो खिळे लागतात. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, अर्धी अक्षरे वेगळी, काही जोडाक्षरे अखंड तर काही दोन तुकड्यांची. कोणता खिळा कोणत्या खणात, हे बोटांना पाठ व्हावे लागते. अक्षर उलटे असते. ओळ हातातल्या पट्टीत बसवायची, शेवटी जागा उरली तर शब्दांमधले अंतर सारखे करत ती ताणून बसवायची. पानाचा फर्मा बांधायचा. प्रूफ काढायचे. चूक निघाली तर चिमट्याने खिळा उपसून दुसरा घालायचा. छपाई झाली की सगळे खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात. एखादा चुकीच्या खणात पडला की पुढच्या पानात तो चुकीच्या शब्दात येणार. या कामात वाचता येणे पुरेसे नाही. उलटे वाचता यावे लागते, आणि ते थकलेल्या डोळ्यांनी, शेवटच्या ओळीपर्यंत.

मुक्तीत मराठीच बोलली जात होती असेही नाही. मध्य प्रांतातून आलेल्यांत हिंदी बोलणाऱ्या होत्या, गुजरातच्या मुलींची गुजराती. म्हणजे अक्षर आणि भाषा दोन्ही शिकत शिकत हे हात तयार झाले.

या छापखान्यातून संपूर्ण मराठी बायबल निघाले. आधीच्या भाषांतरांची मराठी जड आणि संस्कृतप्रचुर आहे, साध्या बाईला ती कळत नाही, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि मूळ भाषांवरून पुन्हा भाषांतर केले. नवा करार १९१३ मध्ये आला. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांची मुलगी मनोरमा त्यांच्याआधी, १९२१ मध्ये गेली होती. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. भाषांतर एका बाईचे. जुळणी, छपाई आणि बांधणी मुक्तीतल्या बायांची.

शेवटच्या दोन वर्षांकडे मला लक्ष वेधायचे आहे. भाषांतर करणारी गेलेली. तिच्यामागे संस्था चालवू शकली असती ती मुलगीही गेलेली. अशा वेळी अर्धवट छपाई गोण्यांत बांधून माळ्यावर टाकली जाते, हे छपाईच्या धंद्यात नवे नाही. केडगावात तसे झाले नाही. ग्रंथ तडीला गेला. हुन्नर एका व्यक्तीत अडकलेला नव्हता. तो खणांसमोर उभ्या असलेल्या बायांच्या हातांत उतरलेला होता.

मग त्या मराठी मुद्रणाच्या गोष्टीत का नाहीत?

एक कारण आपल्या पुस्तकांवरच असते. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे सक्तीचे झाले. मजकुराबद्दल कुणाला जबाबदार धरायचे ते सरकारला कळावे, म्हणून ती ओळ. त्यामुळे तिच्यात मालकाचे किंवा संस्थेचे नाव येते. जुळणाऱ्याचे येत नाही, पुरुषाचेही नाही. आपला इतिहास त्या ओळीवरून लिहिला गेला, म्हणून तो मालकांचा झाला. टॉमस यांना मालकिणीच्या मागे उभ्या मुली दिसल्या, कारण ते स्वतः त्या जागी उभे राहिलेले होते.

दुसरे कारण जास्त टोचणारे आहे. केडगावचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू धर्मांतराचा हिशेब मांडते. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शाळेवरून, शारदा सदनावरून, जो वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. दुसरी बाजू रमाबाईंच्या करुणेला हात जोडते. एका बाजूला या बाया फसवल्या गेलेल्या, दुसऱ्या बाजूला वाचवल्या गेलेल्या. दोन्हीकडे क्रियापदाचा कर्ता दुसराच कुणीतरी. बायांनी स्वतः काय केले, हा प्रश्न दोन्ही बाजूंना पडत नाही. आणि त्यांनी जे केले ते तर हजारांहून अधिक पानांवर शाईने उमटलेले आहे. ज्याला तो धर्मग्रंथ मान्य नाही, त्यानेही जुळणी बघायला हरकत नसावी. निर्णयसागरच्या संस्कृत ग्रंथांची छपाई वाखाणताना आपण त्यातला धर्म आपला आहे की नाही हे विचारत नाही. छपाई सुबक आहे की नाही, ते पाहतो.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. मुक्ती ही शिस्तीची जागा होती. तिथल्या मुलींना दुसरा आसरा नव्हता. आश्रयाला आलेल्याकडून करून घेतलेले काम हे स्वखुशीचे काम म्हणायचे का? प्रश्न रास्त आहे, आणि संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याने तो टाळू नये. पण फ्रँकलिनच्या मुलीही आईच्या छपराखालीच राबत होत्या. त्यांना कुणी विचारले नव्हते की तुम्हाला हे काम हवे का. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांत उमेदवारी करणाऱ्या पोरांनाही कुणी विचारले नव्हते. तरी त्यांच्यातला जो पुढे नावारूपाला आला, त्याला आपण कारागीर म्हणतो आणि त्याच्या उमेदवारीची वर्षे अभिमानाने सांगतो. कामाची सक्ती हा जाब विचारण्याचा मुद्दा आहे. कामाचे श्रेय काढून घेण्याचे ते कारण होत नाही. उलट, ज्यांना निवड नव्हती त्यांचे कसब तरी त्यांच्या नावावर असावे.

हे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता आले असते. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत आजही बाईचे काम याच पद्धतीने लिहिले जाते. चिचपल्लीच्या बांबू केंद्रात वस्तू घडवणारी बाई असो की मोहाचे, चारोळीचे पदार्थ करणारा बचत गट, बातमीत खात्याचे नाव असते, योजनेचे नाव असते, उद्घाटन करणाऱ्याचे नाव असते. किती महिलांना लाभ झाला तो आकडा असतो. बांबूची चोय किती पातळ निघते, कुणाचा हात त्यात बसलेला आहे, कोण इतरांना शिकवते, हे नसते. ही माणसे बातमीत मदत घेणारी म्हणून येतात. पन्नास वर्षांनी कुणी या बातम्यांवरून इतिहास लिहायला बसला, तर त्याला योजना सापडतील, कारागीर सापडणार नाही. लिहिणाऱ्याने जागेवर जाऊन दोन तास हात पाहिले असते तर हे टळले असते. त्याला वेगळा खर्च नाही.

म्हणून मागणे ठोस आहे. १९२४ च्या ग्रंथाला शंभर वर्षे होऊन गेली. मराठी छपाईचे प्रदर्शन जिथे कुठे मांडले जाईल, तिथे श्रीरामपूरच्या पुस्तकांशेजारी, गणपत कृष्णाजींच्या पंचांगाशेजारी आणि निर्णयसागरच्या ग्रंथांशेजारी त्याची प्रत असावी, आणि खालच्या पट्टीवर भाषांतरकर्तीसोबत जुळणी आणि छपाई कुणी केली तेही लिहावे. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने याची सुरुवात करावी. या प्रांताचा आणि त्या दुष्काळाचा संबंध आहे म्हणून, आणि या विद्यापीठात शिकणाऱ्या कितीतरी मुली घरात पहिल्यांदा पुस्तक हाती घेणाऱ्या आहेत म्हणूनही. वर्गात ग्रंथाचे एक पान ठेवावे. एखादे अवघड जोडाक्षर दाखवून विचारावे की हे किती खिळ्यांत बसवले असेल, आणि ओळ शेवटी सरळ कशी राहिली असेल. ग्रंथाबद्दल, भाषांतराबद्दल, रमाबाईंबद्दल ज्याचे जे मत असेल ते त्यानंतरच्या तासाला मांडता येईल.